बालकांच्या कैवारी ताराबाई मोडक

छडीवाचून विद्या येत नाही, ही समजूत आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या रूढ होती. पंतोजींनी मुलास अंगठे धरून ओणवे उभे करावे, आणि घरी तक्रार गेल्यास बापाने आणखी दोन द्याव्यात, अशी रीत असे. मार खाणारे मूल निमूट होई, त्यास शिस्त लागली असे वडील मंडळी मानीत. त्याच्या मनात काय साचले, हे विचारण्याची कोणास आठवण होत नसे. ही समजूत खोटी ठरविण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्यांत ताराबाई मोडक ह्यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस झाला. माहेरचे आडनाव केळकर. घराणे प्रार्थना समाजाचे, त्यामुळे मुलींच्या शिक्षणास तेथे आडकाठी नव्हती. सन १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे अमरावतीचे वकील मोडक ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु तो संसार टिकला नाही, आणि पदरी एक लहान मुलगी घेऊन त्यांस स्वतःच्या पायांवर उभे राहावे लागले. त्या काळी असा प्रसंग ओढवलेल्या स्त्रीस समाज काय नजरेने पाही, हे सांगावयास नको. ताराबाईंनी राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद पत्करले.

त्या सुमारास भावनगर येथे गिजुभाई बधेका नावाचे गृहस्थ वकिली सोडून बालशिक्षणाकडे वळले होते. त्यांनी सन १९२० मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर उघडले होते. इटलीतील डॉक्टर मारिया माँटेसरी ह्यांनी सन १९०७ मध्ये रोम शहराच्या सान लोरेन्झो ह्या गरीब श्रमिकवस्तीत जे बालगृह सुरू केले, त्याचा आदर्श गिजुभाईंपुढे होता. त्यांच्या बालमंदिरात शिक्षा नव्हती. विशेष हे की बक्षीसही नव्हते, कारण भय आणि लोभ ही दोन्ही मुलाचे मन बाहेरून ओढतात, असा त्यांचा सिद्धांत होता. सन १९२३ मध्ये ताराबाई प्राचार्यपद सोडून तेथे दाखल झाल्या, आणि सन १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली.

ह्या मंडळींनी मर्म ओळखले ते असे, की छडी नुसती काढून घेतल्याने शाळा सुधारत नाही. जो शिक्षक मारतो, तो बहुधा दुष्ट नसतो. साठ मुलांपुढे उभे राहून दुसरे काय करावे, हे त्यास कोणी शिकविलेलेच नसते. म्हणून मुलांच्या आधी शिक्षकांची शाळा हवी. भावनगरच्या अध्यापन मंदिरात हेच कार्य चाले. माँटेसरी पद्धतीत शिक्षिकेस प्रथम स्वस्थ बसून पाहावयास शिकवितात. कोणते मूल एकटे बसते, कोणते दुसऱ्यास ढकलते, कोण हाक मारताच दचकते, हे टिपावयाचे. आणि हट्टास हट्टाने उत्तर न देता त्यामागचे कारण शोधावयाचे. हातांना योग्य काम मिळाले म्हणजे पुष्कळशी भांडणे आपोआप मावळतात, हा ह्या पद्धतीचा नित्याचा अनुभव आहे.

सन १९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादर येथे शिशुविहार उघडला आणि मराठी शिक्षिकांच्या प्रशिक्षणाची सोय केली. शिक्षणपत्रिकेची मराठी आवृत्ती चालवून हा विचार त्यांनी घरोघरच्या आईबापांपर्यंत नेला. तथापि हे शिक्षण सुखवस्तूंचीच मिरास राहू नये, म्हणून सन १९४५ मध्ये त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी गावी गेल्या. अनुताई वाघ तेथेच त्यांस येऊन मिळाल्या. महागड्या साधनांऐवजी शंखशिंपले, बिया, पाने, खडे वापरण्यात आले. सन १९५७ मध्ये कार्य कोसबाडच्या टेकडीवर वारली बालकांमध्ये गेले. मुले शाळेत येईनात, तेव्हा शिक्षिका पाड्यांवर गेल्या आणि अंगणातच शाळा भरली. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली. न येणाऱ्या मुलास फरफटत आणण्याऐवजी शाळेनेच त्याच्याकडे चालत जावे, ही केवढी उलटापालट! सन १९६२ मध्ये सरकारने त्यांस पद्मभूषण दिले. सन १९७३ मध्ये त्यांनी देह ठेवला.

ताराबाईंचे कार्य मुख्यतः लहानग्यांत झाले. पण त्याचा बोध मोठ्या इयत्तांसही तितकाच लागू आहे. सन २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ ह्या दोहोंस बंदी केली, हे उत्तम झाले. परंतु कायदा हात धरू शकतो. त्या हाताने मग काय करावे, हे प्रशिक्षणच शिकविते. मारामारी करणारा दांडगा मुलगा आणि अबोल होऊन अन्न टाकणारी मुलगी ह्या दोघांचेही दुःख वेळीच ओळखणारा शिक्षक लाभला, तर पुढचे अनर्थ टळतात. जो मार पाहून वाढतो, तो पुढे मारावयास शिकतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

आपल्या सोलापुरात यंत्रमागावर राबणारे पिते आणि विड्या वळणाऱ्या माता थकून घरी येतात, त्या वेळी मुलांशी बोलावयास त्राण उरत नाही. अशा घरच्या मुलाचा सारा दिवस शाळेच्या हाती असतो. तेव्हा महोत्सवाच्या ह्या वर्षी आपल्या शिक्षकबंधूंनी व भगिनींनी वर्षातील काही दिवस स्वतः विद्यार्थी होऊन ही विद्या शिकावी, शाळाचालकांनी त्यासाठी वेळ व पैसा राखून ठेवावा, आणि पालकांनी शाळेस मारण्याची मुभा देणे सोडावे. भिंती रंगविण्याहून हे काम अवघड आहे खरे, पण ते झाल्यास आपल्या मुलांस शाळेची वाट धरताना भय वाटणार नाही.