प्रोबेशनवरचं एक वर्ष

कर्वेनगरात कॉट बेसिसवर राहत असाल, तर हे तुमच्या ओळखीचं आहे. रात्रीचे साडेदहा वाजलेत. मेसचा डबा धुऊन पालथा घातलाय. उशाशी गेटच्या पुस्तकांची चळत. आणि घरून फोन आलाय. बी.ई. झालं ना, मग आता आणखी दोन वर्षं कशाला? त्यात शाखा केमिकल असेल आणि फोन धरणारी मुलगी असेल, तर पुढचा प्रश्नही ठरलेला. प्लांटवर शिफ्ट असतात, रात्रपाळी असते, तुला जमणार का?

असा प्रश्न तुमच्या आधी एका मुलीला विचारला गेला होता. विचारणारे घरचे नव्हते. घरचे तर तिच्या बाजूनेच होते. विचारणारा माणूस होता नोबेल विजेता. ती गोष्ट आज सांगायची आहे.

तुम्ही जिथं राहता, त्या जागेशी तिचं थेट नातं नाही, पण लांबचं आहे. कर्वेनगर म्हणजे जुनं हिंगणे. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणाऱ्या धोंडो केशव कर्व्यांनी १९०० साली विधवा मुलींसाठीचा आपला आश्रम पुण्यातून इथल्या माळावर आणला. सुरुवात एका झोपडीपासून झाली. कॉलेज सुटलं की अण्णा पायी हिंगण्याला यायचे. १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ काढलं. त्यांच्याच संस्थेनं १९९१ मध्ये मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज सुरू केलं, तेच हे कमिन्स कॉलेज. म्हणजे शिकायचं का, हा प्रश्न या माळावर केव्हाच सुटला. पण किती शिकायचं, कुठपर्यंत शिकायचं, हा प्रश्न तेव्हाही शिल्लक होता. त्या प्रश्नाला भिडलेल्या मुलीचं नाव होतं कमला भागवत.

घरातच रसायनशास्त्र

कमलाचा जन्म १९११ चा, इंदूरचा. दुर्गा भागवत हे नाव तुम्ही मराठीच्या पुस्तकात वाचलं असेल, त्यांची ही धाकटी बहीण. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या आयआयएस्सीमध्ये शिकलेले. आपणही तिथंच जायचं, हे कमलाच्या डोक्यात पक्कं होतं.

१९३३ मध्ये तिनं मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. केली. मुख्य विषय रसायनशास्त्र, जोडीला भौतिकशास्त्र, आणि गुणवत्ता यादीत पहिली. योगायोग बघा, त्याच वर्षी मुंबई विद्यापीठानं रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग सुरू केला. तीच माटुंग्याची यूडीसीटी, आताची आयसीटी. केमिकल इंजिनिअरिंगमध्ये मास्टर्स करायचं म्हटलं की आज आपल्याकडे ज्या संस्थेचं नाव पहिल्यांदा निघतं, ती तेव्हा नुकती जन्माला येत होती. कमलानं अर्ज धाडला तो मात्र बंगळुरूला.

नकार आला. कारण गुणांचं नव्हतं. बाईला संशोधन झेपणार नाही, म्हणून नकार. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रमण. तीन वर्षांपूर्वी नोबेल मिळालेलं, देशभर दबदबा. त्यांच्या शब्दापुढे बोलणार कोण?

कमला बोलली. ती बंगळुरूला जाऊन थडकली आणि तिनं रमण यांना समोर उभं राहून कारण विचारलं. मी यादीत पहिली आहे, मग मला प्रवेश का नाही, हा तिचा साधा सवाल होता. ऐकून घेईनात, तेव्हा तिनं सत्याग्रह धरला. ते दिवस गांधीजींचे होते. मिठापासून परदेशी कापडापर्यंत सत्याग्रह झाले होते. प्रयोगशाळेच्या दारात झालेला हा बहुधा वेगळाच.

तीन अटी

शेवटी प्रवेश मिळाला, पण अटी घालून. पहिलं वर्ष प्रोबेशनवर काढायचं. संचालकांना काम पटेपर्यंत ते काम अधिकृत धरलं जाणार नाही. मार्गदर्शक सांगतील तर रात्री उशिरापर्यंत प्रयोगशाळेत थांबायचं. आणि प्रयोगशाळेचं वातावरण बिघडवायचं नाही, म्हणजे तिच्या असण्यानं मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये.

इथं जरा थांबून स्वतःला विचारा, तुम्ही काय केलं असतंत? पाय आपटून परत आला असतात की मान खाली घालून आत गेला असतात? कमलानं तिसरंच केलं. अट मान्य केली, पण अटीमागचं कारण कधीच मान्य केलं नाही. आत शिरल्याशिवाय काम दाखवता येणार नाही, एवढा हिशोब तिला कळत होता. पण हा अपमान आपला एकटीचा नाही, बाई म्हणून केलेला आहे, हेही ती विसरली नाही. पन्नास-साठ वर्षांनी, म्हातारपणी एका कार्यक्रमात बोलताना त्यांनी हे सगळं स्वच्छ सांगितलं. रमण मोठे शास्त्रज्ञ खरे, पण बायकांच्या बाबतीत मन कोतं, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता.

मार्गदर्शक मिळाले श्रीनिवासय्या. कडक, पण मनापासून शिकवणारे. त्यांच्या हाताखाली कमलानं दूध, डाळी आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं. विषय साधा वाटतो ना? पण वरण-भातावर जगणाऱ्या देशात डाळीत नेमकं किती आणि कसं प्रथिन आहे, हे समजणं फार मोलाचं होतं. मिश्रणातून हवा तो घटक न बिघडवता वेगळा काढायचा. तुम्ही केमिकलवाले असाल तर हे वाक्य तुम्हाला नवं नाही. सेपरेशनच्या पेपरात तुम्ही हेच शिकता, फक्त भांडी मोठी असतात.

वर्ष संपलं आणि रमण यांना काम पटलं. पुढे या संस्थेत मुलींसाठी दार उघडलं गेलं. १९३६ मध्ये कमलाला मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. मिळाली, तीही विशेष प्रावीण्यासह.

चाळीस पानांचा प्रबंध

मग शिष्यवृत्ती मिळवून ती केंब्रिजला गेली. तिथं डेरेक रिश्टर यांनी आपलं टेबल तिला दिवसभर वापरायला दिलं आणि रात्री ते त्याच टेबलावर झोपायचे, असं सांगतात. नंतर रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींच्या पेशींवर काम सुरू झालं. बटाट्यावर प्रयोग करता करता तिला सायटोक्रोम सी सापडलं. पेशीच्या श्वसनात इलेक्ट्रॉन पुढे पोचवणारं हे प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असतं, हे त्यातून पुढे आलं. १४ महिन्यांत काम पूर्ण, प्रबंध अवघा ४० पानांचा. १९३९ मध्ये पीएच.डी. परदेशात जाऊन विज्ञानात डॉक्टरेट मिळवणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय बायकांमध्ये ती होती.

परदेशात राहता आलं असतं. पण देशाचं काम करायचं म्हणून कमलाबाई त्याच वर्षी परत आल्या. आधी दिल्लीचं लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेज, मग कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा. १९४७ मध्ये लग्न झालं, त्या सोहोनी झाल्या आणि मुंबईत इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या.

तिथलं त्यांचं गाजलेलं काम नीरेवरचं. नीरा तुम्ही रस्त्याकडेच्या स्टॉलवर प्यायली असेल. पहाटे झाडावरून उतरवलेली नीरा गोड असते, ऊन चढलं की आंबायला लागते. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी सुचवल्यावरून कमलाबाईंनी तिच्यातले पोषक घटक तपासले. जीवनसत्त्वं सापडली, लोह सापडलं. नीरा आटवून गूळ केला तरी त्यातलं बरंच टिकतं, हेही दिसलं. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायकांना हा स्वस्त आहार उपयोगी पडतो, हे त्यांच्या विद्यार्थ्यांच्या कामातून पुढे आलं. या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

आता सगळं सुरळीत झालं असेल असं वाटतं ना? झालं नाही. त्याच इन्स्टिट्यूटच्या संचालकपदावर त्यांचा हक्क होता, तरी त्यांना चार वर्षं थांबावं लागलं. नाव झालेलं, पदवी केंब्रिजची, पुरस्कार राष्ट्रपतींचा, आणि प्रोबेशन काही संपत नव्हतं. निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. ग्राहक चळवळीत शिरल्या आणि अन्नातली भेसळ घरच्या घरी कशी ओळखायची, हे बायकांना शिकवत राहिल्या. १९९८ मध्ये दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं त्यांचा सत्कार ठेवला होता. त्या सोहळ्यातच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत गेल्या.

मग त्या फोनचं काय?

कमलाबाई कर्वेनगरात राहायला असत्या, तर साडेदहाच्या फोनवर काय म्हणाल्या असत्या ते आपण ठरवू नये. पण त्या कशा वागल्या ते समोर आहे. त्यांनी आधी कारण विचारलं. तुम्हीही विचारा. घरच्यांची अडचण पैशाची आहे, लग्नाची आहे, की खरोखर तुमच्या काळजीची? तिन्हींची उत्तरं वेगवेगळी असतात. पैशाची असेल तर गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो, मधे एखादं वर्ष नोकरी करून परत येता येतं. काळजी असेल तर घरच्यांना एखाद्या प्लांटवर काम करणाऱ्या सीनियर मुलीशी बोलू द्या.

आणि एक प्रश्न स्वतःलाही विचारा. मास्टर्स करून मला नेमकं कशावर काम करायचं आहे? कमलाकडे अर्ज करताना पदवी होती, हट्ट होता. पण तिला तगवलं ते डाळीतल्या प्रथिनांनी. प्रोबेशनचं ते वर्ष रागावर काढता आलं नसतं, कामावर निघालं. तुमच्याकडे असं एखादं काम आहे का? नसेल तर सुट्टीच्या दिवशी पाषाणला एनसीएलपर्यंत जाऊन या. १९५० पासून तिथं रसायनांवर संशोधन चालतं, आणि कर्वेनगराहून फार लांबही नाही. एखादा ओपन डे असेल तर आत जा, काम करणाऱ्यांना प्रश्न विचारा.

त्यानंतर घरी फोन तुम्ही लावा. साडेदहाची वाट बघू नका.