एरिश केस्टनर : एक बोलपट आणि एक अलिखित कादंबरी

राजवटीचा साक्षीदार म्हणून स्वदेशी राहणे आणि त्या साक्षीला वाङ्मयीन रूप देणे या दोन भिन्न गोष्टी होत. जर्मन लेखक एरिश केस्टनर (१८९९–१९७४) यांच्या चरित्रात या दोहोंमधील अंतर प्रकर्षाने जाणवते.

केस्टनर यांचा जन्म ड्रेस्डेन येथे झाला. वडील खोगिरे बनविणारे कारागीर होते. मुलाच्या शिक्षणाला हातभार लागावा म्हणून आईने केशरचनेचा व्यवसाय पत्करला. १९१७ मध्ये सक्तीच्या लष्करी प्रशिक्षणात त्यांचे हृदय कायमचे दुबळे झाले आणि लष्करशाहीविषयीची चीड त्यांच्या लेखनात खोलवर रुजली. १९२५ मध्ये लाइपझिग येथे डॉक्टरेट मिळवून १९२७ मध्ये ते बर्लिनला गेले.

१९२९ मध्ये ‘एमिल आणि गुप्तहेर’ ही त्यांची बालकादंबरी प्रसिद्ध झाली. रेल्वेप्रवासात १४० मार्क चोरीस गेलेला एमिल बर्लिनच्या मुलांच्या साहाय्याने चोराला गाठतो, एवढेच तिचे कथानक. एमिलची आईही केशरचनाच करते. ‘उफा’ कंपनीने १९३१ मध्ये या कादंबरीवर बोलपट काढला. दिग्दर्शन गेरहार्ड लाम्प्रेख्त यांचे, पटकथा बिली वाइल्डर यांची. जर्मन बोलपट बाल्यावस्थेत असताना कॅमेरा बर्लिनच्या खऱ्या रस्त्यांवर आला. एका चोरामागे मुलांची वाढत जाणारी झुंड हे या चित्रपटातील विनोदाचे मुख्य साधन होय. न्याय मिळविण्यासाठी मुले स्वेच्छेने संघटित होतात, हा त्यामागील आशय.

दोनच वर्षांत संघटनेचा अर्थ पालटला. १० मे १९३३ रोजी बर्लिनमध्ये केस्टनर यांची पुस्तके जाळली गेली, तेव्हा ते स्वतः गर्दीत उभे होते. गेस्टापोने त्यांना दोनदा अटक केली. तरीही त्यांनी देश सोडला नाही. आईची ओढ आणि या कालखंडावर कादंबरी लिहिण्याचा संकल्प ही त्यामागील कारणे होती. मात्र याच काळात ‘उफा’च्या रौप्यमहोत्सवी ‘म्युन्शहाउझेन’ (१९४३) या चित्रपटाची पटकथा त्यांनी टोपणनावाने लिहिली. राजवटीच्या करमणुकीला लाभलेला हा हातभार त्यांच्या चरित्रकाराला टाळता येत नाही.

बोलपटातील मुलांचे पुढे काय झाले, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते. एमिल साकारणारा रोल्फ वेंकहाउस आणि दूरध्वनीपाशी निष्ठेने बसून राहणारा ‘छोटा मंगळवार’ साकारणारा हान्स लोअर हे दोघेही १९४२ मध्ये हिटलरच्या सैन्यात मृत्यू पावले.

युद्धोत्तर काळात केस्टनर म्युनिकला स्थायिक झाले. त्यांनी जर्मन ‘पेन’चे अध्यक्षपद भूषविले, १९६० मध्ये त्यांना हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार लाभला. लघुलिपीत गुप्तपणे ठेवलेल्या टिपणांवर आधारित ‘नोटाबेने ४५’ ही दैनंदिनी १९६१ मध्ये आली. संकल्पित कादंबरी मात्र अखेरपर्यंत लिहिली गेली नाही. त्या कादंबरीची जागा आज अंशतः तो जुना विनोदी बोलपटच घेतो. बर्लिनचे ते रस्ते आणि ती मुले नाहीशी होण्यापूर्वी कशी होती, याची साक्ष त्यात नकळत नोंदली गेली आहे.