हिशेबखात्यातील साधक

मनःशांतीच्या शोधात निघालेल्या माणसाने आधी घरदार व नोकरी सोडायची, अशी आपल्याकडे रूढ समजूत आहे. ब्रह्मदेशाचे विपश्यनाचार्य ऊ बा खिन यांच्या आयुष्याने या समजुतीला छेद दिला. ते अखेरपर्यंत गृहस्थ राहिले आणि त्यांच्या साधनेची बरीच वर्षे सरकारी फायलींच्या सहवासात गेली.

६ मार्च १८९९ रोजी रंगूनमधील एका कष्टकरी वस्तीत त्यांचा जन्म झाला. १९१७ साली शालान्त परीक्षेत सुवर्णपदक व शिष्यवृत्ती मिळूनही घरच्या गरजेपोटी त्यांना शिक्षण सोडावे लागले. काही काळ वृत्तपत्रात काढल्यावर ते महालेखापालांच्या कार्यालयात कारकून झाले व १९२६ मध्ये लेखासेवेची परीक्षा उत्तीर्ण झाले.

१ जानेवारी १९३७ रोजी सया तेजी या शेतकरी आचार्यांच्या एका शिष्याकडून त्यांना आनापानाची माहिती मिळाली. वरच्या ओठावर, नाकपुड्यांखाली येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासावर लक्ष ठेवायचे, एवढाच तो प्रयोग. श्वास मुद्दाम रोखायचा नाही की कोणता जप करायचा नाही. मन भरकटले, की न चिडता ते पुन्हा श्वासाशी आणायचे. पहिल्याच बैठकीत चित्त एकाग्र झाले आणि आठवड्याभरात ऊ बा खिन गुरूच्या गावाकडे निघाले. ओहोटीमुळे नाव अर्ध्या वाटेवर थांबली. उरलेली वाट त्यांनी भातखाचरांतून, गुडघाभर चिखल तुडवीत पार केली. परतल्यावर टेबलावर एक लिफाफा होता. अचानक कामावरून गेल्यामुळे बडतर्फीचा हुकूम असेल, अशी त्यांना धास्ती होती. निघाले ते बढतीचे पत्र!

१९४१ मध्ये क्याउक्से येथे वेबू सयाडो या विख्यात भिक्षूंची भेट झाली आणि इतरांना शिकविण्याची प्रेरणा त्यांना मिळाली. त्यांचा पहिला विद्यार्थी तेथील सहायक स्टेशनमास्तर. पहिला वर्ग भरला तो रेल्वेच्या डब्यात.

४ जानेवारी १९४८ रोजी ब्रह्मदेश स्वतंत्र झाला आणि ऊ बा खिन देशाचे महालेखापाल झाले. १९५० मध्ये त्यांनी कार्यालयातच विपश्यना मंडळ स्थापन केले. १९५२ मध्ये रंगूनच्या श्वेडगॉन पॅगोडाच्या उत्तरेस आंतरराष्ट्रीय ध्यानकेंद्र सुरू झाले. तेथील पॅगोडात मध्यभागी एक खोली व तिच्याभोवती साधनेच्या आठ कोठड्या होत्या. श्वासावर मन स्थिरावले, की शरीरातील संवेदना तटस्थपणे पाहायच्या आणि त्या कशा उद्भवतात व विरतात, याचा अनुभव घ्यायचा, ही पुढची पायरी. संसारी माणसाला रजा किती मिळणार, हे या हिशेबनिसाला पक्के ठाऊक होते. म्हणून सारा क्रम दहा दिवसांत बसविलेला असे.

निवृत्तीचे वय उलटल्यावरही सरकारने त्यांना सोडले नाही. एकाच वेळी अनेक खाती सांभाळून ते १९६७ मध्ये पूर्ण निवृत्त झाले. स्वभावाने ते मवाळ नव्हते. कडक शिस्त व सडेतोड वाणी यांबद्दल त्यांचा दरारा असे. ध्यानी माणूस म्हणजे मिळमिळीत माणूस, हे समीकरण त्यांना लागू पडत नव्हते.

१९५५ मध्ये सत्यनारायण गोएंका हे मंडालेत जन्मलेले तरुण व्यापारी त्यांच्याकडे आले. अर्धशिशीने ते हैराण होते. मॉर्फिनची सुई टोचून घ्यावी लागे आणि परदेशातील उपचारही व्यर्थ ठरले होते. ऊ बा खिन यांनी त्यांना प्रवेश नाकारला. डोकेदुखीवरचा इलाज म्हणून ही साधना वापरणे त्यांना मान्य नव्हते. चित्तशुद्धीसाठी यायचे असेल, तरच दार उघडे होते. आज ध्यानाकडे तणावावरची गोळी म्हणून पाहणाऱ्यांना हा नकार कठोर वाटेल. गोएंका अखेर त्या अटीवर बसले. दुखणे गेले, परंतु तो आनुषंगिक लाभ होता.

ही विद्या भारतातून ब्रह्मदेशात आली, ते ऋण फेडले पाहिजे, ही ऊ बा खिन यांची तळमळ होती. परंतु तत्कालीन सरकारच्या निर्बंधांमुळे त्यांना भारतात येता येईना. १९६९ मध्ये त्यांनी ते काम गोएंकांवर सोपविले. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईत पहिले शिबिर झाले. १९ जानेवारी १९७१ रोजी ऊ बा खिन यांचे रंगून येथे निधन झाले. इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र उभे राहिले, ते त्यानंतर पाच वर्षांनी, १९७६ मध्ये.