माहो, आर्त्वाची काउंटेस

माहो ऊर्फ मॅटिल्डा (जन्म: इ.स. १२६८ च्या सुमारास; मृत्यू: २७ नोव्हेंबर, इ.स. १३२९, पॅरिस) ही फ्रान्सच्या उत्तरेकडील आर्त्वा काउंटीची इ.स. १३०२ ते १३२९ या काळातील शासक होती. विवाहामुळे ती बुर्गुंडी काउंटीचीही काउंटेस होती. फ्रान्सचा राजा फिलिप पाचवा आणि राजा चार्ल्स चौथा हे दोघेही तिचे जावई. पुतण्या रोबेर (तिसरा) याने आर्त्वाच्या वारसाहक्कासाठी तिच्याविरुद्ध मांडलेला दावा सुमारे तीस वर्षे चालला, आणि त्याचे पडसाद शतवार्षिक युद्धाच्या आरंभापर्यंत पोहोचले.

पूर्वपीठिका

आर्त्वा हा मुळात फ्लांडर्सच्या काउंटचा मुलूख होता. एनोची इझाबेल आणि राजा फिलिप दुसरा यांच्या विवाहात (इ.स. ११८०) तो वधूचा हुंडा म्हणून फ्रेंच राजघराण्याकडे आला. म्हणजे या प्रदेशाचा फ्रेंच इतिहासच मुळी एका स्त्रीच्या हक्कापासून सुरू होतो. पुढील कज्ज्याच्या संदर्भात ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे. इ.स. १२३७ मध्ये राजा लुई नववा याने आपला धाकटा भाऊ रोबेर याला आर्त्वा 'आपानाज' म्हणून दिला. राजाच्या धाकट्या मुलांना निर्वाहासाठी आणि मानासाठी जी जहागीर दिली जाई तिला हे नाव होते. हा पहिला रोबेर सातव्या धर्मयुद्धात इजिप्तमधील मन्सुरा येथे फेब्रुवारी १२५० मध्ये मारला गेला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, पित्याच्या मृत्यूनंतर, त्याचा मुलगा रोबेर दुसरा जन्मला. हा माहोचा पिता होय.

रोबेर दुसरा हा आपल्या काळातील नामांकित सरदार होता. अंजूच्या घराण्यासाठी त्याने दक्षिण इटलीत नेपल्सच्या राज्याचा कारभारही पाहिला. एदँ येथील आपल्या किल्ल्याच्या उपवनात त्याने यांत्रिक करमणुकीची साधने उभारली. त्यांत हालचाल करणारी, केसाळ कातडे पांघरलेली कृत्रिम माकडेही होती. इ.स. १२९७ मध्ये राजा फिलिप चौथा याने आर्त्वाला 'पीयर'चा दर्जा दिला; म्हणजेच आर्त्वाचा काउंट राज्यातील मोजक्या सर्वोच्च सरदारांच्या पंक्तीत बसला.

कुटुंब आणि विवाह

माहोची आई आमिसी द कुर्तने ही माहो लहान असतानाच, इ.स. १२७५ मध्ये वारली. इ.स. १२८५ मध्ये माहोचा विवाह बुर्गुंडीचा काउंट ओतो चौथा याच्याशी झाला. येथील बुर्गुंडी म्हणजे आजचा फ्रांश-काँते हा प्रदेश. तो त्या वेळी जर्मन सम्राटाच्या अधिपत्याखाली होता आणि शेजारच्या बुर्गुंडी डचीहून वेगळा होता. ओतो शूर असला तरी कायम कर्जात बुडालेला असे. इ.स. १२९५ च्या व्हँसेन करारान्वये त्याने एक लाख लिव्र रोख आणि दहा हजार लिव्र वार्षिक तनखा यांच्या बदल्यात आपली काउंटीच फिलिप चौथ्याच्या हवाली केली. मुलगी जान हिने राजपुत्राशी विवाह करावा आणि काउंटी तिचा हुंडा ठरावी, असे ठरले. त्यानुसार जानचा विवाह इ.स. १३०७ मध्ये राजाचा दुसरा मुलगा फिलिप याच्याशी, तर धाकटी ब्लांश हिचा विवाह पुढील वर्षी तिसरा मुलगा चार्ल्स याच्याशी झाला. ओतो इ.स. १३०३ मध्ये मरण पावला. माहोचा एक मुलगा वयात येण्याच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचला, त्याचेही नाव रोबेर.

वारसाहक्काचा प्रश्न

माहोचा भाऊ फिलिप हा आर्त्वाचा स्वाभाविक वारस होता. परंतु इ.स. १२९७ च्या ऑगस्टमध्ये फ्लांडर्समधील फ्युर्न येथील लढाईत तो जखमी झाला आणि पुढील वर्षी मरण पावला. त्याच्यामागे रोबेर नावाचा अकरा वर्षांचा मुलगा राहिला. चार वर्षांनी, ११ जुलै १३०२ रोजी, कोर्त्राइकच्या लढाईत फ्लेमिश शहरांच्या पायदळाने फ्रेंच घोडदळाचा धुव्वा उडवला आणि सेनापती रोबेर दुसरा तेथेच पडला. आता काउंटी कोणाला मिळणार, मृताच्या मुलीला की आधीच वारलेल्या मुलाच्या मुलाला?

आजच्या वाचकाला, आणि त्या काळच्याही अनेकांना, नातवाचा हक्क उघड वाटावा. फ्रान्सच्या बऱ्याच भागांत मुलगा आपल्या मृत पित्याच्या जागी उभा राहून आजोबाचा वारसा घेऊ शकत असे. कायद्याच्या परिभाषेत याला 'प्रतिनिधित्व' म्हणतात. आर्त्वाची रूढी मात्र हे तत्त्व मानत नव्हती. तेथे मृत व्यक्तीच्या निधनसमयी हयात असलेला सर्वांत जवळचा रक्तसंबंधी वारस ठरे, आणि नातवापेक्षा मुलगी एका पिढीने जवळची होती. या नियमामुळे माहो आर्त्वाची काउंटेस झाली. तिचा हक्क राजाच्या मेहेरबानीने उभा राहिला, असे नंतर अनेकदा सांगितले गेले. राजाचा कल तिच्या बाजूने होता हे खरे, कारण तिच्या मुली त्याच्या सुना होणार होत्या. पण स्थानिक रूढीचा आधार भक्कम होता, ही गोष्ट झाकता येत नाही.

रोबेर सज्ञान झाल्यावर त्याने दावा मांडला. ऑक्टोबर १३०९ मध्ये फिलिप चौथ्याने माहोच्या बाजूने निवाडा दिला. रोबेरला भरपाई म्हणून वार्षिक उत्पन्न आणि नॉर्मंडीतील बोमाँ-ल-रोजे ही जहागीर मिळाली. त्याने निवाडा वरकरणी मान्य केला.

मुलींवरील आरोप

इ.स. १३१४ च्या वसंतात राजघराण्याला हादरवणारे प्रकरण उघडकीस आले. माहोची मुलगी ब्लांश आणि राजाची थोरली सून मार्गरीत यांच्यावर द ओने बंधू या दोन तरुण सरदारांशी व्यभिचार केल्याचा आरोप सिद्ध झाला. दोघा बंधूंना पाँत्वाझ येथे हालहाल करून ठार मारण्यात आले. ब्लांशला शातो गायार या किल्ल्यात कैदेत टाकले गेले. जानवर प्रकरण माहीत असूनही गप्प राहिल्याचा ठपका होता. तिला दुर्दाँ येथे ठेवण्यात आले, पण काही महिन्यांनी ती निर्दोष ठरून पतीकडे परतली. जान सुटली नसती तर बुर्गुंडी काउंटीच्या हुंड्याचा प्रश्न पुन्हा उघडला असता. पती फिलिप तिच्या पाठीशी ठाम राहिला त्यामागे हेही कारण असावे, असे अनेक इतिहासकार मानतात. ब्लांशचा विवाह इ.स. १३२२ मध्ये पोपने रद्द केला. माहो ही चार्ल्सची धर्ममाता होती, त्यामुळे वर आणि वधू यांच्यात आध्यात्मिक नाते होते, असे कारण त्यासाठी पुढे करण्यात आले. चौदा वर्षे हे नाते कोणाला आठवले नव्हते.

सरदारांचे बंड

इ.स. १३१४ च्या अखेरीस, फिलिप चौथ्याच्या मृत्यूच्या सुमारास, फ्रान्सच्या अनेक प्रांतांत सरदारांनी करांविरुद्ध आणि राजाच्या अधिकाऱ्यांविरुद्ध संघ स्थापन केले. आर्त्वातील संघाचा रोख मात्र काउंटेसवर होता. तिचा प्रमुख सल्लागार तिएरी दिरेसाँ हा कारकून वर्गातून वर आलेला धर्मगुरू होता. जुने हक्क मोडणे, अधिकाऱ्यांकरवी सरदारांच्या न्यायाधिकारात हस्तक्षेप करणे अशा तक्रारी त्याच्या नावे होत्या. माहोने कारभार पगारी अधिकाऱ्यांच्या आणि लेखी हिशेबांच्या आधारे घट्ट केला होता. शहरांना तो बहुधा मानवला, पण सरदारांना तो जाचक वाटला. शिवाय तो एका स्त्रीच्या नावे चालत होता.

इ.स. १३१६ मध्ये राजा लुई दहावा अकस्मात वारला आणि गादी रिकामी असतानाच्या त्या अस्थिर महिन्यांत रोबेर बंडखोरांच्या मदतीने आर्त्वात घुसला. आरास आणि सेंतोमेर ही शहरे त्याच्या हाती आली. एदँचा किल्ला लुटला गेला. तेथून गेलेल्या वस्तूंची माहोने करून घेतलेली यादी आज इतिहासकारांना फार मोलाची ठरली आहे, कारण तिच्यातून एका मध्ययुगीन राजवाड्याचे वस्त्रभांडार, भांडीकुंडी आणि पुस्तके डोळ्यांसमोर उभी राहतात. राज्यकारभार पाहणारा फिलिप सैन्य घेऊन निघाल्यावर रोबेर शरण आला आणि काही काळ पॅरिसमध्ये कैदेत राहिला. बंड पुरते शमायला आणखी काही वर्षे लागली, माहो इ.स. १३१९ मध्येच आपल्या काउंटीत खऱ्या अर्थाने परतू शकली.

राज्याभिषेक आणि विषप्रयोगाचा आरोप

लुई दहाव्याचा मरणोत्तर जन्मलेला मुलगा जाँ पहिला नोव्हेंबर १३१६ मध्ये अवघे पाच दिवस जगला. त्यानंतर लुईची मुलगी जान हिला डावलून माहोचा जावई फिलिप पाचवा गादीवर आला. ९ जानेवारी १३१७ रोजी रँस येथे झालेल्या राज्याभिषेकात माहोने पीयर या नात्याने इतर पीयरांबरोबर राजाच्या मस्तकावर मुकुट धरला. एका स्त्रीने हे करावे याबद्दल उपस्थितांपैकी अनेकांनी नाराजी दाखवली. पुढच्याच महिन्यात पॅरिसमधील सभेने स्त्रीला फ्रान्सच्या गादीचा वारसा नाही, असे जाहीर केले. अशा रीतीने स्त्रियांना वगळून राजा झालेल्या माणसाची सासू मात्र स्त्री म्हणूनच मिळालेल्या काउंटीवर राज्य करीत होती, आणि ती टिकावी म्हणून तोच राजा सैन्य पाठवीत होता. रोबेरच्या समर्थकांनी या विसंगतीवर बोट ठेवले नसते तरच नवल.

याच काळात माहोवर लुई दहाव्याला विष घातल्याचा आरोप झाला. एका स्त्रीकडून फिलिप आणि जान यांच्यात प्रेम टिकावे म्हणून वशीकरणाचे द्रव्य आणि राजासाठी विष मिळवले, असे आरोपाचे स्वरूप होते. चौकशी होऊन इ.स. १३१७ मध्ये तिला निर्दोष ठरवण्यात आले. निर्णय देणारा राजा तिचा जावई होता, त्यामुळे संशय पुरता मिटला नाही. परंतु आरोपाला पुष्टी देणारा कोणताही पुरावा पुढे आलेला नाही, आणि आरोप करणारे आर्त्वाच्या भांडणात तिच्या विरुद्ध बाजूला होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिचा एकुलता मुलगा रोबेर सतराव्या वर्षी वारला. मे १३१८ मध्ये पॅरिसच्या न्यायपीठाने दुसऱ्यांदा तिच्या बाजूने निवाडा दिला, तेव्हा तिचा वारस म्हणून मुलगीच उरली होती.

कारभार आणि कलाश्रय

माहोचे हिशेब मोठ्या प्रमाणावर टिकून राहिले आहेत आणि ते आरास येथील अभिलेखागारात आहेत. एकोणिसाव्या शतकात झ्युल-मारी रिशार याने त्यांच्या आधारे तिच्यावर ग्रंथ लिहिला (इ.स. १८८७). या वह्यांत दिसणारी माहो सतत प्रवासात असते. आरास, एदँ आणि पॅरिस यांच्यामध्ये ती वर्षानुवर्षे फिरताना दिसते. गरिबांना वस्त्रे आणि पादत्राणे वाटल्याच्या नोंदी वरचेवर येतात. एदँ येथे तिने रुग्णालय स्थापले. वडिलांनी उभारलेल्या यांत्रिक माकडांची झिजलेली कातडी बदलण्याचा खर्चही वहीत नोंदवलेला आहे. इ.स. १३१२ च्या हिशेबात मार्को पोलोच्या प्रवासवर्णनाची प्रत सजवून घेतल्याचा उल्लेख येतो. झाँ पेपँ द वी या शिल्पकाराकडून तिने पतीचे आणि मुलाचे थडगे घडवून घेतले. मुलाची संगमरवरी प्रतिमा आज पॅरिसजवळील सें-दनी येथे पाहावयास मिळते. पॅरिसजवळ काँफ्लाँ येथील वाड्यात तिने इ.स. १३२० मध्ये पिएर द ब्रुसेल या चित्रकाराकडून पित्याचे पराक्रम भिंतींवर रंगवून घेतले. कोणती जहाजे, कोणती चिन्हे, हे करारात तपशिलाने लिहून घेतले होते. जिच्या वारशावर दोनदा खटला झाला ती बाई आपण कोणाची मुलगी आहोत हे भिंतीवर कोरून ठेवते, यात केवळ हौस नसावी. रामोन लुल या तत्त्वज्ञाचा शिष्य तोमा ल मिएझिए हा तिचा वैद्य होता.

मृत्यू आणि नंतरचा कज्जा

इ.स. १३२८ मध्ये फिलिप सहावा राजा झाल्यावर चित्र पालटले. रोबेरची पत्नी ही नव्या राजाची सावत्र बहीण होती आणि राजा त्याच्या सल्ल्याने चाले. रोबेरने दावा पुन्हा उकरून काढला. तो चालू असतानाच माहो २७ नोव्हेंबर १३२९ रोजी पॅरिसमध्ये मरण पावली. दोनच महिन्यांत, जानेवारी १३३० मध्ये, तिची मुलगी जानही वारली. एकामागोमाग एक झालेल्या या मृत्यूंमुळे पुन्हा विषाची कुजबुज झाली, या वेळी रोबेरकडे बोट दाखवून.

रोबेरने आपल्या पित्याच्या विवाहाच्या वेळी आजोबांनी नातवंडांना वारसा देण्याचे लिहून दिले होते, असे दाखवणारी कागदपत्रे हजर केली. ती बनावट निघाली. ती तयार करण्यात तिएरी दिरेसाँशी पूर्वी संबंध असलेल्या जान द दिव्हियाँ या स्त्रीचा हात होता. ऑक्टोबर १३३१ मध्ये तिला जिवंत जाळण्यात आले. रोबेर पळाला, इ.स. १३३२ मध्ये त्याची मालमत्ता जप्त होऊन त्याला हद्दपार करण्यात आले. ब्राबांतमार्गे तो इंग्लंडमध्ये एडवर्ड तिसऱ्याच्या आश्रयाला गेला. इ.स. १३३७ मध्ये फिलिप सहाव्याने इंग्लंडच्या राजाकडून गियेन प्रांत जप्त केला, तेव्हा रोबेरला दिलेला आश्रय हे एक कारण सांगितले होते. या जप्तीपासून शतवार्षिक युद्धाचा आरंभ मानतात. रोबेर इ.स. १३४२ मध्ये ब्रिटनी येथील व्हानच्या लढाईत झालेल्या जखमांनी मेला.

वारसाक्रम

आर्त्वा माहोच्या वंशातच राहिला. मुलगी जाननंतर नात जान (तिसरी) हिने बुर्गुंडीचा ड्यूक ओद चौथा याच्यासह इ.स. १३४७ पर्यंत राज्य केले. तिचा नातू फिलिप द रुव्र इ.स. १३६१ मध्ये प्लेगच्या साथीच्या काळात निपुत्रिक वारला. तेव्हा काउंटी माहोची दुसरी नात मार्गरीत, फ्लांडर्सच्या काउंटची विधवा, हिच्याकडे आली. तिने इ.स. १३८२ पर्यंत राज्य केले. तिच्यामागे मुलगा लुई आणि इ.स. १३८४ मध्ये लुईची मुलगी मार्गरीत वारस झाली. या मार्गरीतचा पती बुर्गुंडीचा ड्यूक फिलिप असल्याने आर्त्वा आणि फ्लांडर्स एका घराण्यात आले. दोनशे वर्षांपूर्वी हुंड्याच्या रूपाने तुटलेला मुलूख अशा तऱ्हेने पुन्हा फ्लांडर्सला जोडला गेला, तोही स्त्रीवारसांच्या मार्गाने.

साहित्यातील चित्रण

मॉरिस द्रुओं याच्या 'ले रवा मोदी' या कादंबरीमालेत माहो ही धिप्पाड, निष्ठुर आणि विष घालणारी स्त्री म्हणून रंगवली आहे. मालेवर आधारित फ्रेंच दूरचित्रवाणी मालिकांमुळे हेच रूप लोकमानसात रुजले. हिशेबाच्या वह्यांतील काउंटेसशी ते जुळत नाही.

माहोचे दफन मोब्युइसाँच्या मठात पित्याच्या पायांशी करण्यात आले. तिचे हृदय पॅरिसमध्ये फ्रान्सिस्कन संन्याशांच्या चर्चमध्ये मुलाजवळ ठेवले गेले.