अ‍ॅलन ट्यूरिंग : यंत्राआधी यंत्राचे बुद्धिबळ

संगणकाशी बुद्धिबळ खेळणे आज तुमच्या अंगवळणी पडले आहे. पण यंत्राने हा खेळ कसा खेळावा याचे नियम एका गणितज्ञाने लिहिले, तेव्हा ते पेलणारे यंत्रच नव्हते. त्यांचे नाव अ‍ॅलन ट्यूरिंग.

ट्यूरिंग यांचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये झाला. वडील मद्रास इलाख्यात सनदी अधिकारी होते. आईचा जन्मही त्याच इलाख्यातील पोदनूरचा. आईवडील हिंदुस्थानात आणि मुले इंग्लंडमध्ये परक्या घरी, असे त्यांचे बालपण गेले. केंब्रिजला गणित शिकल्यावर, १९३६ साली त्यांनी दिलेल्या सूचना पायरीपायरीने पाळणाऱ्या यंत्राची कल्पना मांडली. आजच्या संगणकशास्त्राचा तो पाया ठरला.

दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्क येथे त्यांनी जर्मन नौदलाचे गुप्त संदेश उलगडण्याचे काम केले. नामवंत बुद्धिबळपटू ह्यू अलेक्झांडर तेथे त्यांचे सहकारी होते. ट्यूरिंग स्वतः मात्र या खेळात कच्चेच! तरीही यंत्राला बुद्धिबळ शिकवता येईल का, या प्रश्नाने त्यांना झपाटले होते.

१९४८ साली मित्र डेव्हिड चँपरनाऊन यांच्यासह त्यांनी नियम रचायला घेतले. प्याद्याला १ गुण, घोड्याला ३, उंटाला साडेतीन, हत्तीला ५ आणि वजिराला १०. आपली प्रत्येक शक्य खेळी आणि तिला मिळू शकणारे प्रत्येक उत्तर तपासायचे, मारामारी असेल तर ती संपेपर्यंत हिशेब करायचा आणि सर्वांत फायद्याची खेळी निवडायची.

१९५२ साली मँचेस्टरमध्ये अ‍ॅलिक ग्लेनी या सहकाऱ्याविरुद्ध या नियमांची परीक्षा झाली. संगणकाचे काम ट्यूरिंग यांनीच कागद-पेन्सिल घेऊन केले. एकेका खेळीच्या हिशेबाला सुमारे अर्धा तास लागे. २९ व्या खेळीला वजीर हातचा जाणार हे दिसले आणि यंत्राच्या बाजूने डाव सोडला.

त्याच वर्षी त्यांच्यावर मोठे संकट कोसळले. समलिंगी संबंध तेव्हा इंग्लंडमध्ये गुन्हा होता. त्याबद्दल त्यांना दोषी ठरवण्यात आले. तुरुंगाऐवजी त्यांना संप्रेरकांचे उपचार सक्तीने घ्यावे लागले आणि सरकारी गुप्त कामाची दारे बंद झाली. युद्धातील त्यांची कामगिरी गुप्त असल्याने लोकांना तिची कल्पनाही नव्हती. ७ जून १९५४ रोजी, अवघ्या ४१ व्या वर्षी, सायनाइडच्या विषाने त्यांचा मृत्यू झाला. सरकारने त्यांना माफी दिली ती २०१३ साली.

१९९७ साली 'डीप ब्लू' या संगणकाने जगज्जेत्या गॅरी कास्पारोव्ह यांना साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवले. तो सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासत असे. पण गुण द्यायचे, पुढच्या खेळ्या तपासायच्या आणि उत्तम ती निवडायची, हा मार्ग ट्यूरिंग यांनी चोखाळलेलाच होता. २०१२ साली, ट्यूरिंग यांच्या जन्मशताब्दीनिमित्त, त्यांचे नियम संगणकावर चढवून कास्पारोव्ह यांच्यासमोर ठेवले गेले. कास्पारोव्ह १६ खेळ्यांत जिंकले, पण ट्यूरिंग यांचा डाव अखेर खऱ्या यंत्रावर खेळला गेला.

मित्रांनो, या सुट्टीत तुमच्या आवडत्या खेळाचे असेच नियम वहीत लिहा आणि धाकट्या भावंडाला फक्त त्या नियमांनी खेळायला सांगा. डाव हरला तरी नियम कुठे कमी पडले ते नक्की कळेल.