अनाथ कारागिरांचा पिता : संत योहान बॉस्को ह्यांचे अल्पचरित्र

ज्युबिलीच्या मंगल प्रसंगी धर्मग्रामाच्या गतकालाचा हिशेब मांडावयास बसले असता मनुष्याची दृष्टी प्रथम मंदिराच्या भिंतींकडे, मनोऱ्याकडे व घंटेकडे जाते. हे योग्यच आहे. परंतु ज्या हातांनी त्या भिंती उभारिल्या, ते गवंड्यांचे, सुतारांचे, लोहारांचे हात कोणी घडविले, असा प्रश्न क्वचितच कोणी करितो. म्हणून ह्या पानांवर आम्ही अशा एका महात्म्याचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहो, की ज्याने गरिबांच्या मुलांचे हात आणि आत्मे ही दोन्ही एकाच वेळी घडविण्याचे व्रत घेतले, आणि त्या व्रतापायी जन्मभर दारोदार झोळी फिरविली. हे महात्मे म्हणजे संत योहान बॉस्को. इटलीत धर्मगुरूच्या नावापूर्वी डॉन हा शब्द आदराने लावितात. त्यामुळे सारे जग त्यांना डॉन बॉस्को ह्याच नावाने ओळखते.

इटलीच्या उत्तरेस पीदमाँत म्हणून प्रांत आहे. तेथे कॅस्तेलनुओवो गावानजीक बेक्की नावाच्या वाडीत १६ ऑगस्ट १८१५ रोजी एका शेतकऱ्याच्या घरी योहान ह्यांचा जन्म झाला. मूल पुरते दोन वर्षांचेही झाले नव्हते, तोच पिता फ्रान्सिस हे देवाघरी गेले. सावत्र भाऊ अँथनी, सख्खा भाऊ जोसेफ आणि धाकटे योहान, अशा तिघांचा भार माता मार्गारेता हिच्यावर पडला. ती माउली निरक्षर होती. परंतु ईश्वराचे भय, काबाडकष्ट आणि दारी आलेल्या भिकाऱ्यास अर्धी भाकर, ह्या तीन गोष्टी तिने मुलांस उत्तम रीतीने शिकविल्या.

योहान नऊ वर्षांचे असता त्यांना एक स्वप्न पडले. भांडणाऱ्या व अभद्र बोलणाऱ्या पोरांच्या घोळक्यात शिरून ते बुक्क्यांनी त्यांना गप्प करू लागले, तो एका तेजस्वी पुरुषाने त्यांना अडविले आणि माराने नव्हे, तर सौम्यतेने व प्रीतीने ह्या मुलांस जिंकावे, असे सांगितले. ह्या स्वप्नाचा अर्थ त्यांना पुढे पुष्कळ वर्षांनी उमगला.

विद्या शिकण्याची आवड मोठी, पण घरात पैसा नाही, आणि थोरल्या भावास पुस्तकांचा तिटकारा. तेव्हा बारा-तेरा वर्षांच्या योहानना दुसऱ्याच्या शेतावर चाकरीस राहावे लागले. पुढे कॅस्तेलनुओवो येथे शिकत असता त्यांनी शिंप्याच्या घरी राहून सुईदोरा हाती धरिला आणि लोहाराच्या भट्टीवर घण मारिला. किएरी गावी विद्यार्थी असता ते एका कॉफीगृहात काम करून आपला निर्वाह चालवीत. तेथे ते मिठाई करावयासही शिकले. वाचकांनी हा भाग लक्षात ठेवावा. हुन्नर म्हणजे काय, उमेदवाराचे जिणे कसे असते आणि धन्याचा शब्द केव्हा बोचतो, हे त्यांना पुस्तकांतून कळले नव्हते. ते त्यांच्या अंगावरून गेले होते.

५ जून १८४१ रोजी तुरीन शहरी त्यांना पुरोहितदीक्षा मिळाली. त्या काळी तुरीन झपाट्याने वाढत होते. नवी घरे बांधली जात होती, आणि डोंगरांतल्या खेड्यांतून दहा-बारा वर्षांची मुले गवंड्यांच्या हाताखाली चुना वाहावयास किंवा धुराडी साफ करावयास शहरात येत. त्यांना ना घर, ना वडीलधारे माणूस. काम असेपर्यंत पोटाला भाकरी. काम सरले की रस्ता, आणि रस्त्यावरून पुष्कळदा तुरुंग. आपले गुरू संत जोसेफ काफासो ह्यांच्यासह डॉन बॉस्को तुरुंगांत जाऊ लागले. तेथे त्यांनी धडधाकट, बुद्धिमान मुले कुजत पडलेली पाहिली. काही सुटत आणि थोड्याच दिवसांनी परत येत. बाहेर त्यांची वाट पाहणारे कोणी असते, तर ती परत आली नसती, हा विचार ह्या तरुण धर्मगुरूंच्या मनात खोल रुतला.

त्याच वर्षी ८ डिसेंबरला, निष्कलंक मरियेच्या सणादिवशी, असिसीकर संत फ्रान्सिस ह्यांच्या मंदिरात बार्तोलोमेव गरेल्ली नावाचा एक अनाथ गवंडीपोर वस्त्रगारात शिरला. सेवकाने त्याला मारून हाकलले. डॉन बॉस्को ह्यांनी त्याला परत बोलाविले, त्याच्याशी मित्राप्रमाणे बोलले आणि त्याच्यासह एक नमो मरिया म्हणून त्याला धर्मशिक्षण देण्यास आरंभ केला. एका मुलापासून सुरू झालेले हे कार्य लवकरच शेकडोंवर गेले. तेव्हा आरडाओरडा करणारी ही पोरे आमच्या शेजारी नकोत, असे सर्व म्हणू लागले. जागा मिळे आणि जाई. डॉन बॉस्को ह्यांचे डोके फिरले आहे, असे कित्येक धर्मगुरुबंधूंसही वाटू लागले. अखेर १८४६ च्या पुनरुत्थान सणास वाल्दोक्को भागात पिनार्दी नावाच्या गृहस्थाची एक पडवी त्यांना भाड्याने मिळाली. त्याच वर्षी ते मरणाच्या दारी जाऊन परत आले. आणि नोव्हेंबरात वृद्ध माता मार्गारेता आपले खेडे सोडून मुलाच्या ह्या अनाथांची आई होण्यास तुरीनास आली. आपल्या लग्नातले दागिने व वस्त्रेही तिने ह्या संसारात घातली. ह्या महान कार्याची पहिली देणगी ही अशी एका गरीब विधवेची होती.

आता आम्ही चरित्राच्या गाभ्याकडे वळतो. मुलांना रविवारी प्रार्थना व खेळ मिळाले. पण सोमवारी ती पुन्हा धन्याच्या तावडीत. ह्यावर डॉन बॉस्को ह्यांनी प्रथम कागदाचा उपाय योजिला. १८५१ व १८५२ सालचे उमेदवारीचे काही करारनामे अद्याप जपून ठेविलेले आहेत. १८५२ च्या फेब्रुवारीत मुद्रांकित कागदावर लिहिलेल्या करारात एक सुतार जोसेफ ओदास्सो नामक मुलास दोन वर्षांत आपला हुन्नर शिकविण्याचे कबूल करितो. चुकल्यास मुलाला शब्दानेच सुधारावे, मारू नये. धंद्याबाहेरची घरगडी कामे सांगू नयेत. शक्तीबाहेर राबवू नये. सणावारी त्याला मोकळे सोडावे. वर्षात पंधरा दिवस रजा द्यावी. आणि मजुरी टप्प्याटप्प्याने वाढवावी, अशा त्यातील अटी होत्या. मुलाचे वर्तन चांगले राहावे म्हणून साहाय्य करण्याचे डॉन बॉस्को स्वतः कबूल करीत. गरिबाच्या पोराच्या बाजूने असा कागद करून घेणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

तथापि शहरातील कारखान्यांत कानांवर पडणारी भाषा आणि डोळ्यांपुढे घडणारे वर्तन कोणत्याही कागदाने आवरता येईना. म्हणून त्यांनी वाल्दोक्को येथेच कार्यशाळा उघडण्याचे ठरविले. १८५३ साली जोडे शिवण्याची व शिंपीकामाची, १८५४ साली पुस्तकबांधणीची, १८५६ साली सुतारकामाची, आणि १८६२ च्या सुमारास छापखाना व लोहारकाम, अशा क्रमाने त्या निघाल्या.

येथे दोन अडचणी उभ्या राहिल्या, आणि असल्या प्रत्येक हुन्नरशाळेपुढे त्या आजही उभ्या राहतात : शिकवावे कोणी आणि पैसा द्यावा कोणी? प्रथम त्यांनी पगारी मिस्त्री ठेविले. पगार ठरलेला, मग मूल शिको वा न शिको, मिस्त्र्यास त्याचे काय? पुढे कार्यशाळा मिस्त्र्यांच्याच हवाली करून नफा-तोटा त्यांजवर सोपविला. तेव्हा ते अधिक झटू लागले खरे, पण मुलांस शिकाऊ न मानता फुकटचे मजूर मानू लागले. दोन्ही वाटा चुकीच्या ठरल्या. शेवटी डॉन बॉस्को ह्यांच्या ध्यानी आले, की हत्यारे व इमारती ह्यांहूनही शाळेस अधिक गरज आहे ती मुलावर पित्याप्रमाणे माया करणाऱ्या वस्तादाची. १८ डिसेंबर १८५९ रोजी त्यांनी संत फ्रान्सिस द सेल्स ह्यांच्या नावाने सलेशियन संस्था स्थापिली. तिच्यात पुरोहितांच्या जोडीस, पुरोहितदीक्षा न घेता व्रतस्थ राहणारे धर्मबंधू होते. कार्यशाळांचे नेतृत्व हळूहळू ह्या धर्मबंधूंकडे गेले. पूर्वीचे शिकाऊच पुष्कळदा पुढे वस्ताद झाले. १८८६ साली संस्थेच्या महासभेने कारागीर मुलांसाठी धर्म व नीती, बुद्धी आणि हुन्नर अशी त्रिविध शिक्षणाची रीत ठरवून दिली. तिचा हेतू असा, की शाळा सोडताना मुलाच्या हाती भाकरी मिळविणारा धंदा असावा, अंतःकरणात धर्म असावा आणि आपल्या कामापुरते शास्त्रही त्याला कळावे.

पैशाची कथा तर ह्याहून अद्भुत आहे. डॉन बॉस्को ह्यांच्यापाशी कधीच शिल्लक नसे. कर्ज मात्र नेहमी असे. त्यांनी सोडती काढिल्या; त्यांतील बक्षिसांच्या वस्तू श्रीमंतांनी व सामान्य कुटुंबांनी दिल्या. त्यांनी हजारो पत्रे लिहिली. सरकारी खाती अनाथ मुले त्यांच्याकडे पाठवीत आणि थोडे साहाय्य देत. मंत्री रातात्सी धर्मसंघांवर बंधने घालणाऱ्या कायद्याचे पुरस्कर्ते होते, तरी त्यांनीही ह्या कार्यास हात दिला; उलट १८६० साली सरकारी शिपायांनी त्याच घराची झडती घेतली. कोणाची मदत आली म्हणून डॉन बॉस्को मिंधे झाले नाहीत, आणि कोणी छळले म्हणून कडवट झाले नाहीत. ख्रिस्ती जनांची साहाय्यकारिणी मरिया हिचे भव्य मंदिर बांधावयाचे ठरले, तेव्हा खोदकामाच्या आरंभी कंत्राटदारास देण्यासाठी त्यांनी पैशाची पिशवी उलटी केली. तीतून अवघी आठ तांब्याची नाणी निघाली. तेच मंदिर ९ जून १८६८ रोजी अभिषिक्त झाले. १८७६ साली त्यांनी सहकाऱ्यांचा संघ स्थापून संसारी स्त्रीपुरुषांस कार्यात भागीदार केले, आणि पुढल्या वर्षी त्यांच्यासाठी मासिकपत्र काढिले. देणगीदारास आपल्या पैशाचे काय झाले हे कळले पाहिजे, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

१८८४ साली तुरीन येथे राष्ट्रीय प्रदर्शन भरले. तेथे त्यांच्या मुलांनी लोकांसमोर यंत्रे चालवून चिंध्यांपासून कागद, कागदावर छपाई आणि छापील पानांचे बांधलेले पुस्तक करून दाखविले. परीक्षकांनी रौप्यपदक दिले. कामाची योग्यता त्याहून अधिक आहे असे डॉन बॉस्को ह्यांना वाटले. त्यांनी पदकाचा मान नम्रपणे परत केला. स्वतःच्या मानापमानाची पर्वा न करणारा हा पुरुष आपल्या मुलांच्या कारागिरीच्या मानासाठी मात्र बोलल्यावाचून राहिला नाही.

वृद्धपणी पाय सुजलेले, दृष्टी क्षीण झालेली, तरी रोम येथील पवित्र हृदयाच्या मंदिरासाठी ते १८८३ साली पॅरिसला व १८८६ साली बार्सिलोनाला मदत मागत गेले. ३१ जानेवारी १८८८ रोजी पहाटे त्यांनी देह ठेविला. १ एप्रिल १९३४ रोजी, पुनरुत्थान सणादिवशी, पोप अकरावे पायस ह्यांनी त्यांना संतपद दिले.

त्यांचे पुत्र १९०६ साली तंजावरास व १९२८ साली मुंबईस आले. माटुंगा आणि कुर्ला ही नावे तर आपल्या घराघरांत परिचित आहेत. कुर्ल्याच्या संस्थेत आजही तरुण हाताने काम करावयास शिकतात. पण संतांचे स्मरण केवळ दूरच्या संस्थांची नावे घेऊन पुरे होत नाही. आपल्या धर्मग्रामातही अभ्यासात मागे पडलेला, घरी बसलेला एखादा मुलगा असतोच. त्याला हत्यार धरावयास शिकविणारे कुशल हात आपल्यांत आहेत, आणि त्याची फी भरू शकणारी कुटुंबेही आहेत. उणीव असते ती ह्या दोहोंची गाठ घालून देणाऱ्या माणसाची. सुतार योसेफाच्या घरी वाढलेल्या प्रभू येशूने हातांच्या कामास पावन केले आहे. मग आपल्या लेकराने लोहार किंवा सुतार व्हावे ह्यात आईबापांनी कमीपणा का मानावा?

ज्युबिलीच्या आनंदात आमची एवढीच विनंती आहे, की प्रत्येक घराने असा एक मुलगा डोळ्यांपुढे आणावा. संत योहान बॉस्को आपणा सर्वांसाठी प्रभूपाशी मध्यस्थी करोत.