ऐकता ऐकता स्वतःच बोलून बसणारा रेडिओ गप्प केला, पण आर्मस्ट्राँगच्या मागची कोर्टकचेरी काही थांबली नाही

परदेशातल्या एखाद्या मोठ्या शहरातल्या पोलिसाची वॉकीटॉकी हातात घेतली आणि नुसती चालू केली. बटण दाबलं नाही, एक शब्द बोलला नाही. तरी ती गप्प बसलेली नसते. ट्रंक रेडिओ यंत्रणेतला संच चालू होताच स्वतःहून एक छोटा संदेश पाठवतो आणि हजेरी लावतो. अमुक नंबरचा संच, अमुक गटात, हजर.

ट्रंक हा शब्द आजी-आजोबांच्या पिढीला नवा नाही. परगावी फोन लावायचा तर ट्रंक कॉल बुक करावा लागायचा. दोन गावांमधल्या लाइनी मोजक्या आणि बोलणारे शेकडो, त्यामुळे लाइन मोकळी झाली की ज्याचा नंबर त्याला ती मिळायची. रेडिओतलं ट्रंक हे नाव त्याच टेलिफोनच्या लाइनींवरून आलंय. समजा २० चॅनेल आहेत आणि वापरणारे हजारो. त्यातलं एक चॅनेल फक्त कारभार बघतं, त्याला कंट्रोल चॅनेल म्हणतात. कुणी बटण दाबलं की यंत्रणा मोकळं चॅनेल शोधते आणि त्या गटातले सगळे संच तिकडे वळवते. बोलणं संपलं की चॅनेल पुन्हा सगळ्यांचं.

अमेरिकेत हे बोलणं ऐकायचा छंद असलेले बरेच लोक आहेत. बहुतेक जण स्कॅनर वापरतात, त्यात ट्रान्समीटरच नसतो. पण काही जण जुनी वॉकीटॉकी घेऊन तिचं प्रोग्रॅमिंग करतात. तेव्हा पहिलं काम म्हणजे तिची हजेरी आणि ट्रान्समिट बंद करणं. नाहीतर अनोळखी नंबर यंत्रणेच्या नोंदीत दिसतो आणि छंदाचा गुन्हा होतो. (भारतात परवान्याशिवाय असा संच बाळगणंच कायद्यात बसत नाही, त्यामुळे हा प्रयोग इथे नकोच.)

म्हणजे ऐकायचं, पण आपण ऐकतोय हे हवेत कुणाला कळू द्यायचं नाही. ही डोकेदुखी १०० वर्षांहून जुनी आहे. आणि ज्याच्या शोधातून ती सुरू झाली, त्यानेच पुढे तिच्यावरचा उताराही दिला. त्याचं नाव एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग. चंद्रावर गेलेला आर्मस्ट्राँग वेगळा.

एडविनचा जन्म १८ डिसेंबर १८९० चा, न्यूयॉर्कचा. वडील ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या अमेरिकी शाखेत, आई शाळेत शिक्षिका. लहानपणी त्याला एक आजार झाला, ज्यात हातपाय आणि मान आपोआप झटके देतात. दोन वर्षं शाळा बुडाली. खांद्याचा आणि मानेचा तो झटका आयुष्यभर राहिला, आणि पोरगा एकलकोंडा झाला तोही कायमचा. हडसन नदीकाठी यॉन्कर्सला त्यांचं घर होतं. माळ्यावरच्या खोलीत तो तारा, कॉइल्स घेऊन बसायचा. अँटेनासाठी त्याने अंगणात १२५ फूट उंच खांब उभारला आणि स्वतः दोरीच्या पाळण्यात बसून वर चढायचा. उंचीची भीती नावाची गोष्ट त्याला नव्हतीच.

कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना, १९१२ साली, त्याला पहिला मोठा शोध लागला. तेव्हा रेडिओचा आवाज इतका क्षीण असायचा की कानाला हेडफोन घट्ट दाबून ऐकावं लागे. ली डी फॉरेस्ट नावाच्या संशोधकाने ऑडिऑन नावाचा व्हॉल्व्ह बनवला होता, पण तो नेमका कसा चालतो हे त्यालाही नीट सांगता येत नव्हतं. आर्मस्ट्राँगने व्हॉल्व्हमधून बाहेर आलेला सिग्नल पुन्हा त्याच व्हॉल्व्हच्या आत घातला. तो वाढून बाहेर आला, परत आत गेला, परत वाढला. आवाज खोलीभर ऐकू यायला लागला. याला रीजनरेशन म्हणतात.

आणि इथेच एक गोम निघाली. हा फेरा एका मर्यादेपलीकडे गेला की व्हॉल्व्ह स्वतःच लहरी निर्माण करायला लागतो. म्हणजे ऐकणारा संच ट्रान्समीटर होतो! आर्मस्ट्राँगसाठी हे घबाडच होतं, कारण एकाच सर्किटमधून रिसीव्हरही मिळाला आणि ट्रान्समीटरही. पण १९२० च्या दशकात घरोघरी असे संच आले तेव्हा एकाने बटण जरा जास्त पिळलं की शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या रेडिओतून शिट्ट्या आणि किंचाळ्या सुरू. कोण ऐकतंय ते अख्ख्या गल्लीला कळायचं.

पेटंटसाठी त्याने वडिलांकडे पैसे मागितले. वडिलांनी आधी शिक्षण पुरं करायला सांगितलं. मग एका नातेवाइकाच्या सल्ल्याने त्याने ३१ जानेवारी १९१३ रोजी सर्किटचं चित्र नोटरीकडून साक्षांकित करून घेतलं. पेटंटचा अर्ज गेला ऑक्टोबरमध्ये. हे मधले महिने त्याला फार महाग पडले, कारण पुढे डी फॉरेस्टने हा शोध आपला असल्याचा दावा ठोकला.

तोवर पहिलं महायुद्ध आलं. आर्मस्ट्राँग सिग्नल कोअरमध्ये कॅप्टन म्हणून पॅरिसला गेला. जर्मन सैन्य फार उंच फ्रिक्वेन्सीवर बोलतंय अशी शंका होती, आणि त्या काळचे व्हॉल्व्ह तेवढी उंच फ्रिक्वेन्सी वाढवूच शकत नव्हते. १९१८ मध्ये त्याने यावर साधी वाटणारी युक्ती काढली. फ्रिक्वेन्सी झेपत नाही ना, मग तिला खाली उतरवायचं. समजा ३,००० किलोहर्ट्झचा सिग्नल आला. संचातच ३,१०० किलोहर्ट्झची एक लहर तयार करायची आणि दोन्ही मिसळायच्या. फरक उरतो १०० किलोहर्ट्झचा, त्यावर मूळ बोलणं जसंच्या तसं असतं, आणि एवढ्या खालची फ्रिक्वेन्सी व्हॉल्व्ह आरामात वाढवतो. याचं नाव सुपरहेटरोडाइन. फ्रान्समध्ये ल्युसियन लेव्ही आणि जर्मनीत वॉल्टर शॉटकी हेही याच वाटेवर होते, आणि लेव्हीमुळे आर्मस्ट्राँगला पेटंटमधले बरेच दावे सोडावे लागले. पण तंत्र चालतं करून दाखवलं ते आर्मस्ट्राँगने.

रेडिओला गप्प करणं हा त्याचा हेतू नव्हता, ते ओघाने झालं. या पद्धतीतही संचात एक लहर बनते, पण ती अँटेनापासून आड ठेवता येते, पत्र्याच्या डबीत कोंडता येते. ही काळजी घेतली नाही तर तीही बाहेर झिरपते. दुसऱ्या महायुद्धात व्यापारी जहाजांवर खलाशांच्या खासगी रेडिओवर बंदी आली ती याच धास्तीने. गाणी ऐकणाऱ्या संचाचा माग काढत शत्रूची पाणबुडी आली तर? मग जहाजांसाठी मुद्दाम कमी झिरपणारे संच बनवले गेले. आजचा स्कॅनर कंट्रोल चॅनेलच्या मागे गुपचूप पळतो तो याच घराण्यातला.

युद्धानंतर आर्मस्ट्राँगकडे पैसा आला. १९२२ मध्ये आणखी एका शोधाबद्दल आरसीए कंपनीने त्याला दोन लाख डॉलर आणि ६०,००० शेअर दिले. आरसीएच्या डेव्हिड सारनॉफची सेक्रेटरी मेरियन मॅकइनिस त्याला आवडली, आणि १९२३ मध्ये लग्न झालं. लग्नाची भेट म्हणून त्याने तिला हातात उचलून नेता येईल असा सुपरहेटरोडाइन रेडिओ बनवून दिला. त्याच वर्षी तो आरसीएच्या टॉवरच्या टोकावर चढला आणि फोटो सारनॉफला धाडले. सारनॉफला ते अजिबात रुचलं नाही.

रीजनरेशनचा खटला मात्र चालूच होता. शेवटी १९३४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डी फॉरेस्टच्या बाजूने निकाल दिला. रेडिओ इंजिनिअरांच्या संस्थेने १९१७ मध्ये याच शोधासाठी आर्मस्ट्राँगला पदक दिलं होतं. निकालानंतर तो ते परत करायला गेला. संस्थेने घेतलं नाही. कोर्टाने काहीही म्हणो, सर्किट कुणाला कळलं होतं हे इंजिनिअर लोकांना ठाऊक होतं.

तोपर्यंत त्याचा सगळ्यात मोठा शोध तयार होता. रेडिओतली खरखर बहुतांशी लहरीच्या उंचीत मिसळते, आणि तेव्हाचं प्रसारण त्या उंचीवरच चालायचं. आर्मस्ट्राँगने उंची कायम ठेवली आणि फ्रिक्वेन्सी मोठ्या पट्ट्यात हलवली. रिसीव्हरने उंचीतला चढउतार कापून टाकला की खरखर गेली. हेच आपलं एफएम. २६ डिसेंबर १९३३ ला पेटंट मिळालं. नोव्हेंबर १९३५ मध्ये इंजिनिअरांसमोर प्रयोग झाला, तेव्हा ग्लासात पाणी ओतल्याचा आवाज सभागृहात जसाच्या तसा ऐकू आला.

मोटारीच्या इंजिनाच्या ठिणग्यांनी पोलिसांचा रेडिओ कायम कुरकुरायचा, त्यावरही एफएम रामबाण ठरलं. १९४० मध्ये कनेक्टिकट राज्याच्या पोलिसांनी डॅनियल नोबल या प्राध्यापकाच्या मदतीने राज्यभर दुतर्फा एफएम यंत्रणा उभी केली. नोबल पुढे मोटोरोलात गेला, आणि युद्धात सैनिकांच्या पाठीवर एफएम वॉकीटॉकी आली. आर्मस्ट्राँगने युद्धकाळात आपली पेटंट्स अमेरिकी सैन्याला फुकट वापरू दिली.

कंपन्यांकडून मात्र त्याला रॉयल्टी हवी होती. आरसीएने १९४० मध्ये एकरकमी दहा लाख डॉलर देऊ केले, त्याने नाकारले. बाकीचे रॉयल्टी देत असताना आरसीएलाच सूट का, हा त्याचा सवाल होता आणि तो रास्त होता. १९४५ मध्ये सरकारने एफएमचा पट्टा बदलून ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर नेला आणि लोकांनी घेतलेले जुने संच भंगार झाले. १९४८ मध्ये त्याने आरसीएवर दावा लावला. कंपनीच्या वकिलांना घाई नव्हती, आणि आर्मस्ट्राँगची पेटंट्स संपत आली होती. पैसाही.

१९५३ च्या नोव्हेंबरात मेरियनशी भांडण झालं, रागाच्या भरात त्याने तिच्यावर हात उचलला आणि ती बहिणीकडे निघून गेली. ३१ जानेवारी १९५४ च्या रात्री त्याने आत्महत्या केली. मागे मेरियनसाठी माफीची चिठ्ठी होती. नोटरीच्या त्या शिक्क्याला त्या दिवशी बरोबर ४१ वर्षं झाली होती.

मेरियनने खटले सोडले नाहीत. त्याच वर्षी आरसीएने साधारण दहा लाख डॉलर देऊन तडजोड केली, म्हणजे १९४० मध्ये देऊ केले होते जवळजवळ तेवढेच. मग तिने एकेक कंपनी गाठली. शेवटची उरली मोटोरोला, जी पुढे पोलिसांच्या ट्रंक रेडिओतली बडी कंपनी झाली. तो खटला ती १९६७ मध्ये जिंकली.